लहानूबाबांचा वाटा

यंदा बाबांचा स्मृतिदिन रविवारी आला आणि नंदिनीची शेवटची सबब गेली.

दोन महिने तिने सबबींवरच काढले होते. आधी प्रशिकची परीक्षा होती, मग भूमिकाचं स्नेहसंमेलन, मग प्रशिकचा नोकरीचा इंटरव्ह्यू, आणि तोही आटोपल्यावर भूमिकाला सर्दी झाली. सर्दी झालेल्या मुलीला असलं काही सांगू नये, असं तिने नवऱ्याला इतक्या ठामपणे सांगितलं की सुगत मान हलवून आंघोळीला गेला. डोकं पुसत बाहेर आला तेव्हा म्हणाला, "सर्दीचा अन् किडनीचा काय संबंध?" त्यावर तुम्हाला ऑफिसला उशीर होतोय, एवढंच उत्तर तिच्याजवळ होतं.

यातली खरी गंमत अशी की मुलांशी बोलणं हा नंदिनीचा पेशा होता. नंदनवनमधल्या एका शाळेत ती समुपदेशक होती. 'मुलांशी मोकळं बोला' हे तिचं व्याख्यान इतकं गाजलं होतं की शहराच्या एका टोकाच्या वाडीपासून दुसऱ्या टोकाच्या बेशापर्यंतच्या शाळा तिला बोलवायच्या. वाडीत तर गोदामांत हमाली करून थेट आलेले पालकही मागे उभे राहून ऐकत होते. "मुलांपासून काही लपवू नका. तुम्ही लपवता तेव्हा मुलं गप्प बसत नाहीत, ती मनानं त्याहून भयंकर काहीतरी रचतात." वाक्य पडलं आणि टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट तिच्या हातात आला होता आणि तिने तो साड्यांच्या कपाटात, कधीच न नेसायच्या पैठणीखाली सरकवला होता.

आणि सोनोग्राफी तरी काय म्हणून? तर मोठेपणा म्हणून. थोरल्या बहिणीचं, प्रेमलताताईचं, डायलिसिस सुरू झालं तेव्हा सगळे तिच्याभोवती तोंड पाडून बसले होते. नंदिनी उभी राहिली आणि म्हणाली, "मी देते माझी किडनी." बसूनही म्हणता आलं असतं. पण ती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत हे कसं कोण जाणे पोहोचलं, म्हणजे तिनेच पोहोचवलं, आणि मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माइकवर तिचं कौतुक केलं. पुष्पगुच्छही मिळाला. नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याही किडन्यांत आहेत." ताईच्या होत्या तशाच पाण्याच्या गाठी, द्राक्षांच्या घडासारख्या, दोन्हीकडे. देणारीच गिऱ्हाईक निघाली.

हा आजार घराण्यातून येतो, घरच्यांची सोनोग्राफी करून घ्या, असं ताईच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा नंदिनी खोलीतच होती. तिने समजूतदारपणे मान डोलावली होती. 'घरचे' म्हणजे कोणी दुसरेच, असं तिला वाटलं होतं.

ताईला मात्र तिने फोनवर सांगून टाकलं, "रक्तगट जुळत नाही म्हणे." ताई क्षणभर थांबली आणि "बरं" म्हणाली. इतक्या सहज पचलेल्या खोट्याचं नंदिनीला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

"आज सांगायचं," सकाळी पाटोडीसाठी बेसन कालवताना सुगतने बजावलं. "जेवणं झाली की आई अन् ताई जराशा आडव्या होतील. आपण चौघं गच्चीवर जाऊ."

"मी तयारी केली आहे."

"मले माहीत आहे. मी ऐकली ना काल." काल तिने त्याला पलंगावर बसवून सगळं म्हणून दाखवलं होतं. सुरुवात होती ती आपल्याला आईवडिलांकडून काय काय सुंदर मिळतं इथून. आजोबांची उंची, आजीचा आवाज. "त्यात किडनी कधी येते?"

"शेवटी."

"तोवर भूमिका झोपून जाईल," सुगत म्हणाला आणि बेसनात तिखट घातलं.

अकराच्या सुमारास बेशाहून ऑटो आला. प्रशिक तीन-तीन पायऱ्या ओलांडत खाली गेला आणि मावशीचा हात धरून तिला वर घेऊन आला. बावीस वर्षांचा घोडा, पण मावशी आली की तिच्या मागे मागे. ताईला मूल झालं नाही, आणि नंदिनी बी.एड. करत होती तेव्हा प्रशिक ताईकडेच वाढला. भाऊजी गेल्यापासून ताई आणि आई बेशाच्या फ्लॅटमध्ये दोघीच राहत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेल्या दिवशी पोस्टातली नोकरी, जमेल तशी. डाव्या हातावर सुया टोचून उठलेल्या गाठी झाकायला ताई उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं ब्लाऊज घालू लागली होती.

मागून कौसल्याबाई आल्या. जिना चढून धाप लागली होती, तरी दारातूनच त्यांनी धाकट्या लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काहून वं नंदे, वाळून राहिली का? का नोकरीनं खाल्लं तुले?"

"काही नाही आई, डाएट."

"डाएट," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि लेकीने एखादं व्यसन लावून घेतल्यासारखं जावयाकडे पाहिलं.

बाबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. लहानूबाबा फोटोत पस्तिशीचे होते, कारण त्यानंतरचा फोटोच नव्हता. मिलमध्ये होते. पन्नाशीच्या आत अंग सुजून गेले. मिलच्या खात्यातली उष्णता अंगात शिरली, हे घरातलं निदान. त्यांचा धाकटा भाऊही तसाच गेला. तो मिलमध्ये कधी पाऊलही न टाकलेला शाळेचा शिपाई होता, पण उष्णता त्यालाही तीच भोवली असं सगळे मानत. याच बाबांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, नवस, अंगारे-धुपारे एका दिवसात बाहेर काढले होते, आणि या घराला त्याचा अभिमान होता. आजाराबद्दल न बोलणं तेवढं कोपऱ्यात राहून गेलं असावं.

त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. आईचा आवाज अजून खणखणीत होता, बाकीचे तिच्या मागे. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, नंदिनीचा आवाज आपोआप खाली गेला. ओठ हलवण्यापुरताच उरला. डोळे किलकिले करून तिने पाहिलं तर तेरा वर्षांची भूमिका डोळे टक्क उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होती.

जेवायला सगळे खालीच बसले. वडा-भात आणि पाटोडीचा रस्सा. ताईचं ताट वेगळं, बिनमिठाचं, भाज्या उकळून पाणी टाकून दिलेल्या. तिच्यापुढे पाण्याची एक छोटी वाटी होती. दिवसाचं पाणी तिला मोजूनच प्यायचं होतं, म्हणून ती ओठ ओले केल्यासारखं पीत होती. आणि नंदिनीच्या बाजूला मोठी बाटली, कारण तिला डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं.

"पाह्यजा," कौसल्याबाई म्हणाल्या. "एक बहीण घोटभर पाण्याले तरसून राहिली, अन् दुसरी तिच्यासमोर हंडाभर पिऊन राहिली."

नंदिनीने बाटली मागे सरकवली. ताई म्हणाली, "पिऊ दे ना माय. तिच्या पिण्यानं माही तहान थोडी वाढते."

"मला एक सांगायचं आहे," प्रशिक म्हणाला.

त्याचा आवाज जरा जास्तच सरळ होता. सुगतने वाढता वाढता हात थांबवला.

"मी मावशीला किडनी देणार आहे. आईची जुळली नाही ना. म्हणून मी हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारून आलो. भाचा असला तर कमिटीची परवानगी लागते म्हणाले, पण मिळते. माझा रक्तगट मावशीचाच आहे." मग तो भातात बोटं घालून म्हणाला, "मी ठरवलंय."

बैठकीची खोली, लोकांसमोर केलेली घोषणा, सरळ केलेली मान, हे सगळं नंदिनीला फार ओळखीचं वाटलं. फरक एवढाच की पोरगा बसून बोलला होता.

कौसल्याबाईंनी डाव्या हाताने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. "आजोबाचा नातू शोभतो गा," त्या म्हणाल्या.

"नाई," प्रेमलता म्हणाली. "लेकराची किडनी मी घेत नसतो. विषय संपला."

"मी लेकरू नाही मावशी."

"माह्यासाठी आहेस."

"नंदे, तू बोल," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुहा पोरगा आहे. तू हो म्हन, मंग इले मी समजावतो."

"नाही," नंदिनी म्हणाली.

"काहून नाई?"

"त्याचं वय काय आहे. नोकरी लागायची आहे. पुढे लग्न..." ही कारणं स्वतःला ऐकू आली तसतशी ती आणखी वाईट वाटत गेली. गच्चीवरचं भाषण तिच्या डोक्यात तयार उभं होतं, आजोबांच्या उंचीपासून. पण त्याची सुरुवात सापडेना.

"तू स्वतः देणार होतीस," प्रशिक म्हणाला. "तेव्हा तुझी पण नोकरी होतीच."

"वा," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थंड झाला होता. "आपली द्याची नाई, पोराची द्याची नाई. अन् शाळेत फुलं घ्याची."

"माय, चूप बस," ताई म्हणाली.

"मी काहून चूप बसू? तू बसजो चूप. दोन महिने चूपच तं बसली."

"आजी, तू आईला काही म्हणू नकोस," प्रशिक मध्ये पडला, आणि नंदिनीला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूने. तो तिच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की तिला काहीतरी चुकतंय हे आधीच कळलं. "आई, तू घाबरलीस. ठीक आहे. कोणीही घाबरेल. मला त्याचं काहीच वाटत नाही, खरंच. म्हणून तर मी देतोय. म्हणजे पुन्हा कोणी तुला विचारणार नाही."

नंदिनीने ताईकडे पाहिलं. ताई ताटाकडे बघत होती.

"ताई, तुला पण असंच वाटलं?"

"हा जल्मला तवा तुले रक्त कमी पडलं होतं," प्रेमलता ताटाकडे बघतच म्हणाली. "मेडिकलच्या दवाखान्यात रात्रभर पळापळ. रक्त कोनं देल्लं होतं?"

नंदिनीचा घास तोंडातच राहिला.

"तू," ती म्हणाली.

"मंग? बावीस वर्षांत कोनाचा गट बदलला, माहा का तुहा?"

जगात एवढी माणसं असताना रक्तगटाचं खोटं तिने नेमकं त्या एका बाईला सांगितलं होतं जिचं रक्त तिच्या अंगात होतं. समुपदेशनाच्या पदविकेत पहिली आलेली बाई. भूमिका एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत होती. सुगत रश्शाचं पातेलं हातात धरून तसाच उभा होता आणि त्याने अगदी हळू, फक्त तिलाच दिसेल अशी मान हलवली. सांग.

"मलाही आहे," नंदिनी म्हणाली. हात खरकटा होता, तोंडात भाताचं शीत होतं. "ताईला आहे तेच. माझ्या दोन्ही किडन्यांत. तुला द्यायला म्हणून तपासायला गेले आणि तिथेच निघालं. मी घाबरले नव्हते, ताई. म्हणजे आधी नव्हते. नंतर फार घाबरले."

भूमिकाने विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही?"

"कॅन्सर? कॅन्सर कुठून आला?"

"तुम्ही दोघं सारखे गच्चीवर जाऊन बोलता. मी आले की दही लावण्याबद्दल बोलता. मला वाटलं तुला कॅन्सर आहे." ती आता रडत होती, पण तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसत होता. "दादाला वाटलं तुम्ही डिव्होर्स घेताय."

"आम्ही?" सुगत म्हणाला. पातेलं त्याने खाली ठेवलं. "मले तर कोनी विचारलंच नाही."

"आधी वाटलं होतं," प्रशिक पुटपुटला. "मग वाटलं आई घाबरली."

ती मनानं त्याहून भयंकर काहीतरी रचतात. वाक्य अगदी बरोबर होतं. वाडीच्या टाळ्या योग्य माणसालाच मिळाल्या होत्या.

कौसल्याबाई इतका वेळ हिशेब लावत असाव्यात. "हे कोनाकडून आलं?" त्यांनी विचारलं.

"बाबांकडून."

"माह्याकडून नाई ना?"

"नाही आई."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला, आणि लगेच त्यांनाच त्याची लाज वाटली. त्यांनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. "अन् तुह्या काकालेही हेच?"

"हेच असणार."

"मंग मिलची उष्णता?"

"मिलचा काही संबंध नाही."

"मी तं जनमभर मिलले शिव्या देल्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "बंद पडली तवा मी पेढे वाटले होते वं."

ताई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवून. "जमीन नाई, घर नाई. बाबानं ठेवलं काय, तं हे. अन् दोघी बहिणींत बरोबर वाटून देल्लं." हसताना तिला खोकला आला आणि सवयीने ती वाटीकडे वळली. वाटी रिकामी होती. नंदिनीने बाटली पुढे केली, मग आठवून मागे घेतली. त्यावर दोघीही हसल्या, आणि हसता हसता ताईचं रडू कधी सुरू झालं ते कळलं नाही.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुझं तुला कमी होतं का?"

"दोन महिने मी तुह्यावर राग धरला. त्या खुर्चीवर चार-चार घंटे बसून दुसरं काम काय असते. तुले मनातल्या मनात भित्री म्हटलं, ढोंगी म्हटलं. मले बरं वाटत होतं तेवढ्यानं." तिने पदराने नाक पुसलं. "आता तो रागही नेला तू."

"ढोंगी ठेव," नंदिनी म्हणाली. "ते खरं आहे."

प्रशिकने ताट दूर सारलं. "आणि आमचं?" तो म्हणाला.

हाच प्रश्न होता. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती होतं. नंदिनीने डोक्यातलं भाषण चाळलं. पेशी होत्या, गुणसूत्रं होती, एक छान वाक्य मटाराच्या रंगाबद्दल होतं.

"पन्नास टक्के," ती म्हणाली. "म्हणजे दोघांपैकी एकाला येऊ शकतं. येईलच असं नाही. आणि आलं तरी ताईसारखं लगेच काही होत नाही, लवकर कळलं तर बीपी सांभाळता येतं, औषधं आहेत, मी घेतेच आहे. पण तपासल्याशिवाय तू किडनी देऊ शकत नाहीस, प्रशिक. तुझ्यात हे असेल तर तुला तुझ्या दोन्ही लागतील."

भूमिकाने भावाकडे पाहिलं. ते पाहणं नंदिनीच्या लक्षात आलं, पण ती काळजी असावी असं तिला वाटलं. मुलांच्या नजरा तिला बरोबर वाचता येतात, अशी शाळेत ख्याती होती.

"मग तपासतो," प्रशिक म्हणाला.

"मी घेईन उद्याच वेळ. मी येते बरोबर, रेडिओलॉजिस्टशी आधी बोलून..."

"तू नको."

"का?"

"तू आलीस तर त्या डॉक्टरलाच समजावत बसशील," प्रशिक म्हणाला. त्याचा आवाज अजून दुखावलेला होता. "दोन महिने, आई. मी रोज तुझ्यासोबत चहा पितो."

पंधरा वर्षं ती इतरांच्या आईबापांना हेच वाक्य त्यांच्या मुलांच्या वतीने ऐकवत आली होती.

"मी जातो याच्यासंगं," प्रेमलता म्हणाली. "गुरुवारी मले सुट्टी असते डायलिसिसची. तू घरी बसजो नंदे. तुले जमते का पाहू."

तिला जमलं नाही. गुरुवारी ती शाळेतून रजा काढून घरी बसली, दोनदा ओटा धुतला आणि शेजारच्या यमुताईंना काही कारण नसताना फोन केला. त्यांनी "बोला" म्हटल्यावर काय बोलायचं ते तिला आठवेना. मग ताईचा फोन आला.

"साफ आहेत," ताई म्हणाली. "दोन्ही. सध्या तरी एकही गाठ नाई. डॉक्टर म्हनते वय कमी आहे, तिशीत पुन्हा पाहा, मंग पक्कं सांगतो. तोवर किडनीबिडनी देण्याचं नाव नाई काढायचं."

"प्रशिक कुठे आहे?"

"बाहेर उभा आहे. रडून राहिला. मी पाहून राहिलो, पण पाहून नाई राहिलो असं दाखवून राहिलो." मग ताई म्हणाली, "माहं नाव यादीत आहे नंदे. नंबर लागीन तवा लागीन. त्या पोराले पुन्हा कोनी काही विचारायचं नाई. मायलेही सांगून ठेवलं."

संध्याकाळी प्रशिक आला आणि आईजवळून जाताना काही न बोलता त्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवायचा तशी. एवढ्यावर माफी झाली असं नंदिनी स्वतःपुरतं धरून चालली. सुगतने संत्रा बर्फी आणली. भूमिका खोलीतून बाहेर आली नाही.

नंदिनी आत गेली तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बर्फी आणली बाबांनी."

"नको."

"दादाचा रिपोर्ट चांगला आला. तुला आनंद नाही झाला?"

"दादाला नाही, म्हणजे मला आहे," भूमिका भिंतीला म्हणाली.

"कोणी सांगितलं असं?"

"तूच. दोघांपैकी एकाला. पन्नास टक्के." ती वळली. डोळे सुजले होते. "मी रविवारपासून म्हणत होते, दादाला असू दे. मग वाटलं आपण किती घाण आहोत, म्हणून म्हटलं मला असू दे. मग पुन्हा वाटलं दादाला."

नंदिनी पलंगाच्या कडेवर बसली. चार दिवस ही पोर आपल्या भावाशी मनात हे झगडत होती, त्याच्या हाताला हात लावून जेवत होती, आणि आईने ते काळजी म्हणून वाचलं होतं.

"मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "तसं नसतं ते. दादाचं त्याच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. तो जन्मला तेव्हा एक नाणं उडालं, तू जन्मलीस तेव्हा वेगळं उडालं. त्याच्या रिपोर्टनं तुझं काहीच ठरत नाही. आणि तू मनात काय म्हटलंस त्यानंही नाही."

"म्हणजे दोघांनाही नसू शकतं?"

"हो."

"दोघांनाही असू शकतं?"

इथे थांबावं असं तिला फार वाटलं. "हो," ती म्हणाली.

भूमिकाने ते चावून पाहिल्यासारखं केलं. "हे तेव्हाच नीट सांगायचं ना."

"हो."

"शाळेत मुलांना पण तू असंच सांगतेस?"

"शाळेत मला छान जमतं."

भूमिका उठून बसली आणि भिंतीला टेकली. "माझी पण सोनोग्राफी करायची?"

"आत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा बीपी बघायचं, बस. मोठी झालीस की तू ठरव."

"आणि मी ठरवलं की मला नाही बघायचं, तर?"

यावर नंदिनीजवळ खरोखर फार चांगलं बोलण्यासारखं होतं. ते जिभेवर आलंही. तिने ते गिळलं.

"तर नाही," ती म्हणाली.

"आणि बघितलं, आणि असलं, तर तू रडशील?"

"रडेन."

"किती?"

"दोन दिवस तरी."

"मोठ्याने?"

"पहिल्या दिवशी मोठ्याने."

भूमिकाने गुडघे पोटाशी घेतले आणि आईला बसायला नीट जागा करून दिली. "मग मी ते दोन दिवस मावशीकडे बेशाला जाऊन राहीन," ती म्हणाली. "तुझं रडणं झालं की फोन कर."

"करते," नंदिनी म्हणाली.